कार्ब्युरेटरबाबत, चि. चिन्मय यास

॥ श्री ॥
जानेफळ, आश्विन वद्य पंचमी

चि. चिन्मय यास जानेफळहून लक्ष्मीकांतचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकृती उत्तम असणार, कारण ती नेहमीच उत्तम असते. आजारी पडण्याचं काम आपल्याकडे इतर लोक करतात. इकडचं विचारशील तर (विचारणार नाहीस, पण पत्रात तसं धरून चालावं लागतं) माझी कंबर धरली आहे, उजव्या पोटरीत गोळे येतात, आणि किक मारताना पायातून सुटलेली माझी एक वहाण शेजारच्या भिमाबाईंच्या छपरावर जाऊन पडली ती अजून तिथेच आहे. तुझी बहीण बरी आहे. माझ्याशी मोजकं बोलते, पण बोलते.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मधे बोलतोस, म्हणून. शैलजाशी माझं लग्न झालं त्या दिवसापासून मी तुझ्याशी एकही वाक्य शेवटच्या क्रियापदापर्यंत बोललेलो नाही. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, हा या टपालखात्याचा केवढा मोठा उपकार आहे ते मला या वयात कळलं. तेव्हा आता मुकाट्याने वाच.

परवा घरच्या ग्रुपवर तू लिहिलेलं वाचलं. दिवाळीत येतोस, सोबत टेम्पो आणतोस, बाबांची मोटारसायकल पुण्याला नेतोस, तिला नवा रंग देऊन तुझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवण म्हणून उभी करतोस. खाली सगळ्या नातेवाइकांनी हात जोडले, कुणी डोळ्यांत पाणी आणलं, तुझ्या नागपूरच्या मावशीने फुलं वाहिली. मी काही वाहिलं नाही. ज्या गाडीची आठवण करायला तू निघालास तिच्यावर या वर्षात काय काय गुदरलं ते तुला ठाऊक असावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ती गाडी कै. भगवंतरावांची. भगवंतराव म्हणजे तुझे वडील. (तुला आठवण राहावी म्हणून लिहितो.) मेहकरहून डोणगावच्या शाळेत ते तिच्यावरून शिकवायला जायचे, निवृत्त झाल्यावर तिच्यावरूनच भाजी आणायचे, आणि शेवटच्या वर्षी तब्येत ढासळली तेव्हा आमच्याकडे जानेफळला राहायला आले ते तिच्याच मागच्या सीटवर बसून. चालवत तुझी बहीण होती. तू त्या वर्षात दर रविवारी फोनवर चेहरा दाखवायचास आणि त्यांना पाणी जास्त प्या असं सांगायचास. पाणी त्यांना डॉक्टरांनी मोजून द्यायला सांगितलं होतं, पण असो. ते गेले, मेहकरचं घर तू बघितलंस, त्यातलं सामान तू बघितलंस, आणि गाडीकडे बघून म्हणालास, “ही तुम्हीच ठेवा भाऊजी, नाहीतर भंगारात घाला.” आम्ही ती अंगणात पत्र्याखाली ठेवली. दोन पावसाळे ती तिथे उभी होती आणि कुणाला काही बोलत नव्हती.

मग यंदाच्या अक्षय्य तृतीयेला तू आलास. आंबरस झाल्यावर तुला हुक्की आली. तू गाडीला दोन किका मारल्यास, वाकून वास घेतलास आणि निदान केलंस की कार्ब्युरेटर तुंबलाय. मी म्हटलं गावात मिस्त्री आहे, त्याला दाखवतो. त्यावर तू हसलास आणि जे बोललास ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू म्हणालास, “कशाला हो? चार स्क्रूचं काम. पूजा सांगण्यापेक्षा सोपं आहे.” शैलजा समोर होती. भिमाबाई कुंपणापलीकडे वाळवण घालत होत्या. माझ्या वडिलांनी मला याज्ञिकी शिकवायला ज्या छड्या वापरल्या त्या सगळ्या त्या एका वाक्यात वाया गेल्या. मी म्हटलं, “पाठव काय पाठवायचं ते.”

तू पुण्याला पोचायच्या आत दुरुस्तीचं किट आमच्या दारात पोचलं होतं. सोबत तू एक व्हिडिओ पाठवलास. त्यात माणूस नाही, नुसते दोन हात आहेत. ते हात हिंदीत बोलतात, मागे ढोलकी वाजते, आणि जिथे खरी अडचण असते तिथे व्हिडिओ पुढे पळतो. मी स्नान करून ओट्यावर बसलो, समोर ताम्हण घेतलं (बारीक सामान हरवू नये म्हणून, ते देवाचं ताम्हण होतं यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही) आणि चार स्क्रू काढले. तू म्हणालास ते खरं होतं, स्क्रू चारच होते. त्या चारांच्या आत काय काय होतं ते तू सांगितलं नव्हतंस. एक पितळी वाटी, तिच्यात पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, त्याच्या खाली-वर होण्याने पेट्रोलचं दार लावणारी सुई, एक मोठा जेट (म्हणजे पेट्रोल जायला भोक असलेली पितळी खिट्टी), एक बारीक जेट, वर स्प्रिंग घातलेलं एक नळकांडं आणि त्याला लोंबणारी आणखी एक सुई. सगळं पेट्रोलमध्ये धुतलं. किटमधले वायसर बसवले. किटमधला बारीक जेट मात्र आपल्या गाडीचा नव्हता, आटेच जुळेनात, म्हणून जुनाच साफ करून घालायचं ठरवलं. त्याचं भोक केसाहून बारीक. व्हिडिओतले हात म्हणाले, पतली तार डालिए. घरात तार होती ती कपडे वाळत घालायची. मग मी मला आयुष्यभर ज्याने साथ दिली ते घेतलं, म्हणजे दर्भ. चांगला निवडून, टोकदार. घातला, फिरवला, काढला. मला वाटलं, झालं.

पेट्रोलचा कॉक उघडला आणि किक मारायच्या आधीच गाडी रडायला लागली. खालच्या नळीतून धार सुरू झाली, ती अंगण ओलांडून, उतार बघत, भिमाबाईंच्या दारात गेली. भिमाबाई आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवायच्या बेतात होत्या. काडी त्यांच्या हातात होती. त्यांनी नाकाने हुंगलं आणि जी बोंब मारली ती तुझ्या पुण्यात आली कशी नाही याचं मला आश्चर्य वाटतं. “ओ गुरुजी! मले जित्तीच जाळता का बे? बाबाच्या गाडीसंगं मले बी पाठवता का वर?” (त्या मला बे म्हणाल्या. पंचक्रोशीत मला कुणी बे म्हणत नाही.) शैलजाने धावत जाऊन कॉक बंद केला, मी तुला फोन केला. तू मीटिंगमध्ये होतास. कुजबुजत म्हणालास, “फ्लोट उलटा बसवला असेल,” आणि ठेवलास. मी उघडून पाहिलं. फ्लोट उलटाच होता. त्या दिवशी तू बरोबर निघालास याचा मला जो त्रास झाला तो कंबरेच्या त्रासाहून वेगळा आहे, आणि त्याला लेप नाही.

फ्लोट सुलटा केल्यावर गाडी सुरू झाली. पण चोक ओढलेला असेल तरच. चोक आत ढकलला की दोन उचक्या देऊन बंद. मी हा तिचा स्वभाव समजून चालवून घेतली (माणसांचेही आपण घेतोच), आणि ज्येष्ठात पुंजाजींकडे वास्तुशांत होती तिथे चोक ओढूनच निघालो. पुंजाजी म्हणजे गावाबाहेरच्या मळ्यात वांगी, टोमॅटो करणारे. त्यांच्या बापापासून आमच्या घराचे यजमान. मागे काळा धूर सोडत मी मळ्यात शिरलो तेव्हा त्यांना वाटलं टोमॅटोवर फवारणीवाला आला. असो. मी पाट मांडला, होम पेटवला, पहिली आहुती हातात घेतली, आणि पुंजाजी माझ्याकडे सरकून हळू आवाजात म्हणाले, “गुरुजी, राग नका मानू, पण तुमच्या धोतराले पेट्रोलचा वास काऊन येऊन राह्यला?”

मी खाली पाहिलं. पेट्रोलच्या नळीची क्लिप लावायची मी विसरलो होतो. जानेफळपासून मळ्यापर्यंत ती नळी माझ्या डाव्या सोग्यावर थेंब थेंब अभिषेक करत आली होती, आणि मी त्या सोग्यासकट अग्नीपुढे मांडी घालून बसलो होतो. पुढचं फार भराभर झालं. पुंजाजींच्या बायकोने मला दंडाला धरून उठवलं (सोवळ्यात असताना), कुणी बादली आणली, कुणी ती माझ्यावर ओतली, होमावरही थोडी पडली. दुसरं धोतर घरात नव्हतं. शेवटी ती वास्तुशांत मी पुंजाजींच्या मुलाच्या ट्रॅकपँटवर पुरी केली. काळी, नायलॉनची, दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे असलेली. वास्तुपुरुषाने ते कसं घेतलं माहीत नाही, पण पाहुण्यांनी फोटो काढून घेतले. श्रावणात पुंजाजींकडे सत्यनारायण झाला. त्याला मेहकरहून दुसरे गुरुजी आले. स्कूटीवर. पुंजाजी अजूनही भेटले की नमस्कार करतात, पण हात लांबूनच जोडतात. ज्या घरात माझ्या आजोबांनी बारशी केली त्या घराचं दार मला तुझ्या चार स्क्रूंनी बंद झालं.

यानंतर शहाण्या माणसाने गाडीला हात लावला नसता. पण तू ग्रुपवर विचारलंस, “भाऊजी, झाली का गाडी?” आणि पुढे हसणारं तोंड काढलंस. म्हणून भाद्रपदात मी कार्ब्युरेटर पुन्हा उघडला, पुन्हा धुतला, पुन्हा लावला. या खेपेला चूक अशी केली की ते वरचं नळकांडं उलटं घातलं. त्याला खालच्या बाजूला एक काप असतो. तो एअर फिल्टरकडे यावा लागतो. मी इंजिनाकडे केला. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की गाडी सुरू झाली, आणि मग थांबेना.

तो दिवस तुला आठवायला हवा, कारण तू हजर होतास; म्हणजे तुझा चेहरा होता. पितृपक्षातली भगवंतरावांची तिथी. कर्ता तू. महिनाभर आधी तू कळवलंस की रजा नाही, तुम्हीच करा, मी व्हिडिओवर येतो. बरं. गोत्र तुमचं, घसा माझा. प्रतिनिधी मी, सांगणाराही मी. सकाळी केळीची पानं आणायला मी त्या गाडीवर गेलो. परत निघालो आणि तिने जी रेस धरली ती मूठ सोडली तरी उतरेना. बाजारातून मी ओरडत गेलो. लोकांनी वाट दिली. कुणीतरी म्हणालं, “गुरुजीले घाई झाली, पितर वाट पाहून राह्यले!” मला चावी बंद करायचं सुचेपर्यंत पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. तिथून गाडी ढकलत, चिंध्या काखेत घेऊन, मी घरी आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, शैलजाचा स्वयंपाक निवला होता, आणि तू तांब्याला टेकवलेल्या फोनमधून विचारत होतास, “सुरू करायचं ना? मला पुढे कॉल आहे.”

मी तसाच घामाने भिजलेला बसलो. संकल्प झाला. तू मधेच म्हणालास, “स्वाहा म्हणू का आता?” श्राद्धात स्वधा असते, चिन्मय. तुझ्या वडिलांनी तुला मुंजीत बसवलं तेव्हा ते शिकवणारा मीच होतो, म्हणून तो दोष मी स्वतःकडे घेतो. पण पुढचा घेणार नाही. मी पिंड हातात घेतला. भगवंतरावांचं नाव घेतलं. आणि तुझा आवाज आला, “भाऊजी, ताई सांगत होती रेस उतरत नाही. रेसचा स्क्रू बघितला का? थोडा बाहेर काढा.” माझ्या हातात तुझ्या वडिलांचा पिंड होता. मग तुझा दुसरा फोन आला असावा, कारण चेहरा गेला आणि काळ्या पडद्यावर तुझ्या नावाचं पहिलं अक्षर उरलं. मी त्या अक्षरासमोर पिंड ठेवला. शैलजा स्वयंपाकघरातून आली, ओल्या हाताने तिने तो फोन पालथा घातला, आणि परत गेली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना फार पाहिलेलं नाही. त्या दिवशीही पाहिलं नाही. नुसता भांड्यांचा आवाज येत होता, आणि तो नेहमीसारखा नव्हता.

तेव्हा आता तूच विचार कर. गाडी ही अशी आहे: पेट्रोल गळतं, चोकशिवाय चालत नाही, सुरू झाली तर थांबत नाही, आणि तिने माझे यजमान घालवले. तिचा कार्ब्युरेटर सध्या ताम्हणात सुटा पडलेला आहे. अशी वस्तू पुण्यापर्यंत वाहून नेण्यात अर्थ नाही. टेम्पोचं भाडं वाया जाईल. दिवाळीला ये, न ये, पण टेम्पो आणू नकोस.

घरात सर्वांना यथायोग्य. थंडी पडू लागेल, कान बांधत जा.

तुझा
लक्ष्मीकांत

ता. क. : पाकिटात घालायला पत्राची घडी घातली आणि पुन्हा उघडली. वरचा गाडीबद्दलचा शेवटचा परिच्छेद खोटा आहे. उद्या मला एका घरी सत्यनारायणाची कथा सांगायची आहे आणि तीत खोटं बोलणाऱ्याचं काय होतं ते येतं, म्हणून खरं लिहितो. गाडी चालते. श्राद्धानंतर मी ओट्यावर कार्ब्युरेटर सुटा करून नुसता बघत बसलो होतो. शैलजा आली, म्हणाली, “सरका.” पदर खोचून बसली. भगवंतराव गाडी उघडायचे तेव्हा पाना धरायला तीच असायची, तू क्रिकेट खेळायला गेलेला असायचास. तिने बारीक जेट उन्हाकडे धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाली, “यातून पलीकडचं काही दिसत नाही.” पेट्रोलमध्ये भिजवून, सायकलच्या पंपाने हवा मारून तिने आतून जे बाहेर काढलं ते दर्भाचं टोक होतं. माझंच. वैशाखापासून ते आत बसून होतं, म्हणून चोकशिवाय गाडीला धाप लागत होती. तिने ते बोटावर घेऊन मला दाखवलं आणि ताम्हणात ठेवलं. ते मला जड गेलं. मग नळकांडं सुलटं केलं, क्लिप लावली, किक मारली. एका किकेत. चोक आत ढकलला, तरी चालूच. ती तशीच बसली आणि फाटकातून निघून गेली. कुठे जाते विचारायला मी धावलो, एका वहाणेने. अंधार पडायच्या आत परत आली. चेहरा उन्हाने लाल झाला होता. गाडी पुसताना ती गुणगुणत होती. भगवंतराव गेल्यापासून मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता.

दुसरा ता. क. : तेव्हा मुख्य विनंती, जी मी एवढी पानं लिहूनही लिहिली नाही, ती अशी. गाडी नेऊ नकोस. तू मागितलीस तर ती देईल, कारण तू मागितलेलं तिने कधी नाही म्हटलेलं नाही. म्हणून मागूच नकोस. मेहकरचं घर, पितळी भांडी, बाबांचा फोटोसुद्धा तुला गेला, मी चकार शब्द काढला नाही. ही एक गोष्ट मी मागतो. मी जावई आहे. मान म्हणून मागतो असं समज. हे मी तुला लिहिलं ते तिला सांगू नकोस.

चिनू, पत्र टाकायला यांनी माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले. म्हणून खाली जागा होती तिथे लिहिते. गाडी घेऊन जा असं तुला तिथीच्या आधी फोनवर मीच म्हटलं होतं, हे यांना माहीत नाही, कळू देऊ नकोस. सकाळी दार उघडलं की ती उभी दिसायची आणि वाटायचं बाबा आत्ताच शाळेतून आले, हातपाय धूत असतील. मला ते रोज सोसवेना. आता ती उभी नसते. मी तिच्यावरून मेहकरला जाऊन आले, डोणगावलाही. आता नको नेऊस. टेम्पोवाल्याला सांगून टाक.

तू ग्रुपवर आपल्या मनाने लिहिलं नव्हतंस, मी सांगितलं म्हणून लिहिलंस. हे खरं तर मी यांना सांगायला हवं, म्हणजे तुझ्यावरचा तेवढा राग जाईल. तेवढं मी सांगेन कधीतरी. बाकी यांनी वर जे लिहिलंय, पाण्याचं, आणि तिथीच्या दिवशीचं, ते मी दोनदा वाचलं. पेन हातात होतं. त्यातलं एक अक्षरही मी खोडलेलं नाही.

— ताई